सतरावा आकडा

१

पडदा बाजूला केला आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

निळ्या भिंतीवर पंचवीस पितळी आकडे एका ओळीत बसवले होते, प्रत्येक वीतभर उंचीचा. आदल्या दुपारी रंगारी गेले तेव्हा मी स्वतः ते मोजून घेतले होते. आता चोवीसच उरले होते. ओळीच्या मध्याच्या जरा पुढे, समोरचा दात पडावा तशी एक जागा रिकामी होती.

३६०८५२८८५०३६८४०० मग खिंडार, आणि मग ८६०३६७२५.

संध्याकाळी आमच्या संस्थेच्या गणित दालनाचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार होते, संस्थेचं नियामक मंडळ येणार होतं. आणि ज्यांनी तरुणपणी ही संख्या पाटीवर भागाकार करकरून शोधली, ते आमचे ऐंशीच्या घरातले सर आपल्या हातानं पडदा ओढणार होते. मी दालनाचा व्यवस्थापक. चूक कुणाचीही असो, मान माझीच जाणार होती.

मी वहिनींना फोन लावला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सगळं आयुष्य पोलिसात गेलं, त्यातलं बरंचसं गुन्हे शाखेत. निवृत्त झाल्यापासून घरातल्यांच्या थापा पकडण्यावर त्यांची गुजराण चालते.

"भाऊजी, पितळेच्या तुकड्यासाठी मला चहा अर्धा टाकून यायला लावलंत," असं म्हणतच त्या आत आल्या. मग भिंतीसमोर उभ्या राहिल्या. आधी लांबून बघितलं, मग नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून.

"काय होतं इथे?"

"एक." ते सांगायला माझी गरजच नव्हती. आकडे इंग्रजी वळणाचे होते आणि ते बसवल्यावर रंगाऱ्यांनी भोवतीनं निळा रंग दिला होता. त्यामुळे निघालेल्या आकड्याखाली जुना करडा रंग जसाच्या तसा दिसत होता: एक सरळ उभी काठी.

वहिनींनी खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे दोन स्क्रू शेजारीशेजारी, डोक्यावर उभे करून ठेवले होते. "चोर स्क्रू असे मांडून ठेवत नाही, भाऊजी. असे ठेवतो तो परत लावायला येणारा माणूस."

मला आकड्यांखाली पांढरट डाग दिसले. पाहुण्यांच्या आत पुसावेत म्हणून मी फडकं घेतलं.

"हात लावाल तर खबरदार!" वहिनी ओरडल्या. त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली. डाग नव्हते ते. खडूचे ठिपके होते, प्रत्येक आकड्याखाली एक. पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत. सतराव्या रिकाम्या जागेखाली ठिपका नव्हता, आणि त्याच्या पुढच्या आठ आकड्यांखालीही नव्हता.

"कुणीतरी इथे उभं राहून मोजत होतं," वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि सतराव्यापाशी थांबलं."

२

"हे दालन होऊ नये असं कुणाला वाटत होतं?" वहिनींनी विचारलं.

उत्तर सगळ्या संस्थेला तोंडपाठ होतं. आमचे विभागप्रमुख. त्यांना या जागेत संगणक हवे होते. सरांची खोलीही रिकामी करून हवी होती, आणि सरांचा मुलांसाठीचा रविवारचा वर्ग बंद व्हायला हवा होता. "सरांबद्दल आदर आहे, पण त्यांचं आता वय झालं. परवा मला दोनदा नाव विचारलं," असं ते मंडळाच्या लोकांना एकेकटं गाठून सांगत होते. उद्घाटनानंतर लगेच मंडळाची बैठक होती, आणि विषय खोलीचाच होता.

विभागप्रमुखांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. "आकडा गेला? मग त्यात रडण्यासारखं काय आहे? संख्येलाच विचारा, काय गेलं ते."

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "मला गणितातलं पाढ्यांपलीकडे काही येत नाही. मला कळेल असं सांगा."

शिकवायला मिळालं की मास्तर माणसाचा राग टिकत नाही. ते उठून पांढऱ्या फळ्यापाशी गेले. "पहिला अंक तीन. त्याला एकानं भाग जातो, त्यात नवल नाही. पहिले दोन अंक, छत्तीस. दोननं भाग जातो. पहिले तीन, तीनशे साठ. तीननं जातो. पहिले चार, तीन हजार सहाशे आठ. चारनं. पहिले पाच घ्या, पाचनं जातो. सहा घ्या, सहानं. असं करत पंचविसाव्यापर्यंत. कुठेही थांबा, जितके अंक घेतलेत तितक्यानं निःशेष भाग जातो."

"कुठेही?"

"कुठेही. आणि गंमत पुढेच आहे. पहिल्या नऊ अंकांपर्यंत थोडीफार निवड असते, हा नाही तर तो. दहाव्यापासून निवड संपली. पुढच्या जागी बसला तर एकच आकडा बसतो, नाहीतर कुठलाच नाही. म्हणजे पहिले नऊ तुम्हाला ठाऊक असले की उरलेले सोळा लक्षात ठेवायलाच नकोत. ते स्वतःच स्वतःला सांगतात."

वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मोठमोठ्या गुन्हेगारांचे कबुलीजबाब ऐकताना त्यांचा चेहरा दगडासारखा असायचा असं दादा सांगतो. इथे त्यांचे डोळे मोठे झाले होते. "हे कुणी तसं बनवलं?"

"कुणीच नाही. ते तसं आहे."

विभागप्रमुखांनी पहिले सोळा अंक फळ्यावर लिहिले आणि सतरानं भागत गेले. "बाकी उरली एक. पुढचा आकडा शेजारी येऊन बसला की त्या एकाचे होतात दहा, अधिक तो आकडा. व्हायला हवेत सतरा. दहा आणि किती, सतरा?"

"सात," वहिनी म्हणाल्या.

"सात. झालं. सात बनवून लावा आणि या."

"पण साहेब," मी म्हणालो, "तिथे तर एक होता."

विभागप्रमुखांच्या हातातली लेखणी थांबली. त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा भागलं. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग भिंत चुकीची होती," ते म्हणाले.

३

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "हा नव्हे."

"एवढ्यात?"

"तो माणूस आत्ता खरोखर दचकला. आणि समजा त्याला चूक आधी कळली असती, तर त्यानं काय केलं असतं? संध्याकाळी काय काय आहे सांगा बरं."

संध्याकाळी प्रेक्षकांतून एकेक जण फळ्याशी येऊन भागून बघणार होता. एकापासून पंचविसापर्यंत.

"म्हणजे सतराव्याला भर सभेत गाडी अडकली असती आणि सरांची शोभा झाली असती. विभागप्रमुखांना बोटसुद्धा हलवावं लागलं नसतं. सरांचं वाईट चिंतणाऱ्यानं तो एक जागेवरच राहू दिला असता. ज्यानं काढला, त्यानं भिंतीवर उपकार केलेत."

मग चूक कुणाची? आम्ही ओताऱ्याच्या भट्टीवर गेलो. तो पितळेच्या घंटा, मुठी, नावाच्या पाट्या ओततो. वहिनी पोलिसातल्या हे कळताच तो आधीच तापलेला आणखी तापला.

"मी चोरणार? बाई, आकडा ओतायला लागतात तेवढेच कष्ट तो भिंतीतून काढायला लागतात. मला दुप्पट काम करायची हौस आहे का? सरांनी स्वतःच्या हातानं कागदाच्या पट्टीवर आकडे काढून दिले, मी त्यावरून साचे केले. हे बघा."

पट्टी अजून साच्यावर चिकटलेली होती. सरांचा हात आता थरथरतो. सतराव्या जागी एक काठी होती. तिच्या डोक्यावर किंचित, मुंगी बसल्याएवढा, बाक होता. सरांनी सात काढला होता आणि ओताऱ्याला एक दिसला होता. यात ना त्याचा दोष, ना सरांचा.

"तुमच्या लक्षात आलं का, हे चुकलंय?" वहिनींनी विचारलं.

"आत्ता तुम्ही सांगताय तेव्हा. मला काय, एक काय नि सात काय, वजनाला थोडाच फरक."

परतताना संस्थेच्या फाटकापाशी वहिनी थांबल्या. "भाऊजी, ते ठिपके. कुणीतरी पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. भाग जातोय, ठिपका. जातोय, ठिपका. सोळापर्यंत सगळं ठीक. सतराव्याला गेला नाही. ते काम त्या माणसानं उभ्याउभ्या केलं. भिंतीवर ना कागद टेकवल्याची खूण, ना कुठे आकडेमोड. विभागप्रमुखांना एवढ्यासाठी फळा लागला. हे असं तोंडी करू शकणारी माणसं या संस्थेत किती आहेत?"

आम्ही सगळे पांढऱ्या फळ्यावर लेखणीनं लिहितो. खडू वापरणारा माणूसही संस्थेत एकच आहे.

४

सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, संस्थेच्या मागच्याच घरात राहतात. काकूंनी दार उघडायला वेळ लावला. आतून कडी निघाल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

"या ना," काकू म्हणाल्या. "ऐकलं मी. कोण मेलं असं करतं? हे काल दिवसभर घरीच होते हो. संध्याकाळी रेडिओ ऐकला आणि लवकर झोपले."

"मी अजून काही विचारलंच नाही, काकू," वहिनी सौम्यपणे म्हणाल्या. त्यांची नजर दाराच्या वरच्या टोकाला गेली होती. तिथे एक नवीकोरी कडी होती, आतल्या बाजूनं, इतकी उंच की काकूंना स्टुलावर चढावं लागत असणार. स्टूल तिथेच होतं. उंबऱ्यावर लाकडाचा ताजा भुसा पडला होता.

सर खिडकीशी बसले होते, अंगात कोट, संध्याकाळसाठी आत्तापासून तयार. मला बघून ते उठले. "सापडला का? माझा सतरावा कुणी नेला हो?" मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. ते नाटक नव्हतं. कुणीतरी घरातलं माणूस पळवून न्यावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. "सर, मला तुमची ही संख्या सकाळीच भेटली. तिच्याबद्दल सांगा ना."

सर बदललेच. पाठ सरळ झाली. "हे एक घराणं आहे, बाई. पहिल्या पिढीत नऊ जण, एक ते नऊ. दुसऱ्या पिढीत पंचेचाळीस. मग दीडशे. घराणं फोफावत जातं. नवव्या पिढीपर्यंत दोन हजार चारशे ब्याण्णव. तरुणपणी मला वाटलं, हे असंच वाढत जाणार, याला अंत नाही. आणि मग उतरती कळा लागते. एकेक शाखा वठत जाते. कुठे पुढचा आकडाच बसत नाही. विसाव्या पिढीत चव्वेचाळीस उरतात. मग अठरा. बारा. सहा. तीन." ते थांबले. "आणि पंचविसाव्यात एक. सगळ्या अथांग संख्यांमध्ये ही एकटी."

"ती तुम्हाला सापडली तेव्हा कसं वाटलं?"

"भीती वाटली. रिकामं घर समजून आत शिरावं आणि कुणीतरी आधीपासून बसलेलं असावं, तशी. पुढे कळलं की दूर कुठेकुठे इतरांनाही ती आधीच सापडली होती. ही म्हणाली, तुम्हाला वाईट वाटत असेल. मी म्हटलं, छे. दुसऱ्या वाटेनं गेलेल्यालाही तीच दिसली म्हणजे ती खरंच तिथे आहे. मी स्वप्नात नव्हतो."

"मला सतराव्याचं दाखवाल का?" वहिनी म्हणाल्या. "खडूनं?"

"का नाही?" सरांनी कोटाच्या खिशात हात घातला. खडू शोधताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात बाहेर काढला. हातात पितळेची एक सरळ काठी होती, तिच्या पाठीला भिंतीचा करडा रंग लागलेला.

सरांनी ती उलटसुलट करून बघितली आणि आमच्याकडे बघितलं.

"हा एक कुणाचा?" त्यांनी विचारलं.

५

काकू आत गेल्या. वहिनी त्यांच्या मागोमाग. मीही गेलो, कारण मला सरांकडे बघवत नव्हतं.

"वर्ष झालं," काकू ओट्याला धरून म्हणाल्या. "आधी चष्मा विसरायचे. मग गॅस. मग मला एकदा विचारलं, तुम्ही कोण गावचे? मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर खोली गेली असती, वर्ग गेला असता. तो वर्ग आहे म्हणून हे दर रविवारी उठतात. काल मी दुकानात गेले आणि हे घरातून निघून गेले. दिवेलागणीला परत आले ते मोठ्या खुशीत. म्हणाले, ओताऱ्याकडे जायचंय, सात करून आणायचाय. मला वाटलं असंच काहीतरी बरळताहेत. सकाळपर्यंत यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. आज मी सुताराला बोलावून कडी लावून घेतली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "चोरी केली हो यांनी."

"चोरी नाही, काकू." वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर भिंत बघायला गेले. एकेक आकडा तोंडी भागून पाहिला. सतराव्याला बाकी उरली, तेव्हा चुकीचा आकडा काढून घेतला, स्क्रू परत लावायचे म्हणून मांडून ठेवले आणि बरोबर आकडा आणायला निघाले. ते काम अर्ध्यावर राहिलं, इतकंच. ते निघाले होते हे ते विसरले. सतरानं भागायचं कसं ते विसरले नाहीत."

मागे कुणीतरी खाकरलं. दारात विभागप्रमुख उभे होते. हातात आकडेमोडीचे कागद होते. चौथ्यांदा भागून, एक की सात हे सरांनाच विचारायला ते आले होते. मघाशी आम्ही आत आलो तेव्हा दार उघडंच राहिलं होतं.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. विभागप्रमुखांनी किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

"सोळा अंक," ते शेवटी म्हणाले, "सतरानं. तोंडी?"

"दोनपासून सतरापर्यंत प्रत्येकानं," वहिनी म्हणाल्या. "उभ्याउभ्या."

ते वळून निघून गेले. कागद मात्र टेबलावर राहिले.

६

सभागृह भरलं होतं. सात तयार व्हायला दुसरा दिवस लागणार होता, म्हणून मी खिंडार तसंच ठेवलं होतं. पडदा उघडला तेव्हा कुजबूज झाली. विभागप्रमुख पहिल्या रांगेत मंडळाच्या लोकांशेजारी बसले होते.

प्रेक्षकांतून एकेक जण फळ्याशी येत गेला. एक टॅक्सीवाले काका, एक नर्स, दोन कॉलेजच्या मुली. दहा झाले, बारा झाले. प्रत्येक वेळी बाकी शून्य. सुरुवातीला लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. तेराव्यानंतर टाळ्या थांबल्या. देवळात बोलावं तसं लोक हळू बोलायला लागले.

सोळावा झाला. सर खिंडारापाशी आले आणि बराच वेळ त्या करड्या काठीकडे बघत राहिले. मग प्रेक्षकांकडे वळले.

"इथे काय होतं ते मला आठवत नाही," ते म्हणाले.

काकूंनी वहिनींचा हात घट्ट धरला. मंडळाच्या अध्यक्षांनी मान वर केली.

"हल्ली मला बरंच काही आठवत नाही. पण इथे आठवायची गरजच नाही. ही संख्या माझ्या डोक्यात राहत नाही. ती तिच्या जागी आहे. मला विसरता येईल, तिला हलता येणार नाही. कुणीतरी या. सतरानं भागा."

कुणी उठायच्या आत विभागप्रमुख उठले. त्यांनी सरांच्या हातून खडू घेतला आणि सगळ्यांना दिसेल असं सावकाश भागत गेले. "बाकी एक," ते म्हणाले. "दहा आणि किती, सतरा?"

"सात!" सगळं सभागृह म्हणालं.

भिंतीवर काहीच नव्हतं, आणि तरी तो आकडा तिथे होता. त्या खिंडारातच तो आम्हा सगळ्यांना दिसला.

मग अठरा, एकोणीस, वीस. पंचविसाव्याला बाकी शून्य आली तेव्हा नर्सबाई रडत होत्या. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आता सव्विसावा," सर म्हणाले. "सव्विसानं भागा. बाकी येईल नऊ. पुढचा आकडा आला की त्याचे नव्वद, अधिक तो आकडा. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, उरले बारा. सव्वीस व्हायला किती हवेत?"

"चौदा," कुणीतरी म्हणालं.

"चौदा हवेत. आणि एका घरात नवाच्या वर मावत नाही." त्यांनी पंचविसाव्या आकड्यानंतरच्या कोऱ्या निळ्या भिंतीवर हात ठेवला. "इथे जग संपतं. म्हणजे हे जग. आपण त्याच्या काठावर उभे आहोत."

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

बैठकीत विभागप्रमुखांनी खोलीचा विषय पुढच्या वेळेवर ढकलला. माणूस एका दिवसात एवढाच बदलतो. पण सर कुठे जातील तिथे कुणीतरी बरोबर असावं हा ठराव त्यांनीच मांडला, आणि पहिलं नाव स्वतःचं दिलं.

सगळे पांगल्यावर सरांनी वहिनींना बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही पोलिसातल्या ना? शेवटी सापडला का तो? माझा आकडा नेणारा?"

वहिनींनी काकूंकडे बघितलं. आयुष्यभर त्यांनी चोराला चोर म्हणायला कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं.

"सापडला, सर. वाईट माणूस नाही. चुकीचा आकडा बसवलेला त्याला बघवेना, म्हणून काढला."

"अस्सं?" सरांचे डोळे चमकले. "मग भला माणूस म्हणायचा. एकट्यानं एवढा जड आकडा काढला? भेटला तर सांगा त्याला, मला हाक मारली असती तर मी खालून धरला असता."

काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि सरांच्या कोटाची वरची गुंडी लावली. मग दोघं हातात हात घालून घराकडे निघाली.